फ्रेटबोर्डवरील स्वर पाठ आहेत, पण वाजवताना सापडत नाहीत

मधली तार

नमस्कार.

मी दोन वर्षांपासून गिटार शिकत आहे. मोकळ्या तारांच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह), बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवे टाकून धरायच्या कॉर्ड) आणि पाच स्वरांच्या पेंटाटॉनिक स्केलचे दोन आकार हाताखाली बसले आहेत, आणि गाण्याला साथ करताना आता फारशी अडचण येत नाही. फ्रेटबोर्डवर, म्हणजे जिथे बोटांनी तारा दाबतो त्या पट्टीवर, कोणता स्वर कुठे आहे याचे ज्ञान मात्र कच्चे राहिले आहे, आणि ते कच्चेपण आता प्रत्येक पुढच्या पायरीवर आडवे येऊ लागले आहे.

तीन महिन्यांपूर्वी मी सहा तारा आणि १२ फ्रेट (धातूच्या पट्ट्यांनी आखलेली घरे) यांचा तक्ता तयार करून सरावाच्या जागेसमोर भिंतीवर लावला आणि रोज वाचून तो पाठ केला. आज मी डोळे मिटून कोणतीही तार नटपासून (फ्रेटबोर्डच्या सुरुवातीच्या पट्टीपासून) १२व्या फ्रेटपर्यंत क्रमाने म्हणून दाखवू शकते. असे असूनही गेल्या आठवड्यात एक प्रसंग घडला. मी ८व्या फ्रेटवर बार धरून सी मायनर वाजवत होते, आणि माझ्याबरोबर कीबोर्ड वाजवणाऱ्या मित्राने विचारले, की तुझ्या तिसऱ्या तारेवर आत्ता कोणता स्वर वाजतो आहे. बोट जागेवर होते, तार अजून वाजत होती, आणि तरीही मला मोकळ्या तारेपासून मोजत यावे लागले: जी, जी शार्प, ए, ए शार्प, बी, सी, सी शार्प, डी, डी शार्प. मी "डी शार्प" असे उत्तर दिले तोवर तारेचा नाद विरून गेला होता. मित्र क्षणभर विचारात पडला आणि आम्ही पुढे गेलो.

सहाव्या आणि पाचव्या, म्हणजे सर्वांत जाड दोन तारांवर बार कॉर्डमुळे माझी थोडीफार ओळख झालेली आहे. चौथी, तिसरी आणि दुसरी या तीन तारांवर मात्र ५व्या फ्रेटच्या पुढे मला काहीच दिसत नाही. तक्ता पूर्ण पाठ असताना असे का व्हावे? हे ज्ञान हातात उतरवण्यासाठी कोणत्या क्रमाने सराव करावा, आणि त्याला साधारण किती काळ लागतो? शेवटी हेही विचारावेसे वाटते, की आकार लक्षात ठेवून चांगले वाजवणारे इतके वादक असताना स्वरांची नावे माहीत असणे खरोखर आवश्यक आहे का?

स्वरशोध

तुमच्या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले आहे. तुम्ही तारांचा क्रम पाठ केला आहे. जागा पाठ केलेल्या नाहीत. ज्या मुलाला "सात आठे किती" असे विचारल्यावर "सात एके सात"पासून सुरुवात करावी लागते, त्याला पाढा येतो, पण छप्पन्न ही संख्या त्याला थेट भेटत नाही. तक्ता डावीकडून उजवीकडे वाचून पाठ केला की प्रत्येक स्वर आपल्या आधीच्या स्वराला बांधला जातो, आणि मधला एखादा हवा असेल तर पूर्ण साखळी ओढावी लागते. वाजवताना गरज नेमकी उलटी असते. तिथे स्वराचे नाव आधी मनात येते आणि बोटाला त्याची जागा हवी असते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की तक्ता भिंतीवरून काढून ठेवावा आणि तार धरून शिकण्याऐवजी स्वर धरून शिकावे. एका वेळी एकच स्वर घ्यायचा आणि तो सहाही तारांवर शोधायचा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई असे लावलेल्या गिटारवर, सी हा स्वर पहिल्या १२ फ्रेटमध्ये सहाव्या तारेवर ८व्या, पाचव्या तारेवर ३ऱ्या, चौथ्या तारेवर १०व्या, तिसऱ्या तारेवर ५व्या, दुसऱ्या तारेवर १ल्या आणि पहिल्या तारेवर पुन्हा ८व्या फ्रेटवर आहे. पहिल्या दिवशी या सहा जागांखेरीज दुसरे काहीही करू नये. मेट्रोनोम (ठराविक लयीत ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावावा, दर चार ठोक्यांना एक जागा घ्यावी, आणि बोट टेकण्यापूर्वी स्वराचे नाव मोठ्याने उच्चारावे. नाव आधी आणि बोट नंतर, हा क्रम मी फार महत्त्वाचा मानतो. बोट आधी टेकवून मग नाव आठवले, तर तो पुन्हा मोजणीचाच सराव होतो.

या सहा जागांपैकी चौथ्या तारेवरची जागा नीट बघा. ९व्या फ्रेटवर एक ठिपका असतो आणि १२व्यावर बहुधा दोन. सी त्यांच्या मधल्या दोन रिकाम्या घरांपैकी पहिल्यात, ठिपक्याला लागूनच आहे. तिथे बोट धातूच्या पट्टीच्या अगदी मागे टेकवून तार छेडा, आणि लगेच तिसऱ्या तारेवर ५वा फ्रेट व दुसऱ्या तारेवर १ला फ्रेट वाजवा. या तिन्ही ठिकाणी एकाच उंचीचा सी वाजतो, फक्त त्याचा पोत बदलतो: जाड तारेवर तो भरीव आणि काहीसा दबका येतो, तर बारीक तारेवर मोकळा आणि स्वच्छ येतो. सहाव्या तारेवरचा ८वा आणि पाचव्या तारेवरचा ३रा फ्रेट या दोघांचा सी एका सप्तकाने खालचा आहे, आणि पहिल्या तारेवरचा एका सप्तकाने वरचा. म्हणजे जागा सहा असल्या तरी प्रत्यक्ष उंची तीनच आहेत. ही गोष्ट कानाने पटली, की त्या सहा जागा सहा सुट्या नोंदी राहत नाहीत. कागदावरच्या तक्त्यात हे कधीच ऐकू येत नाही, आणि माझ्या मते तक्ता अपुरा पडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

दुसऱ्या दिवशी डीकडे जाऊ नये, कारण मन सीच्या जागांमध्ये दोन मिळवून उत्तर काढू लागेल. सी, एफ, बी, ई, ए, डी, जी असा क्रम मला सर्वांत उपयोगी वाटला. प्रत्येक स्वराला दोन दिवस द्यावेत, आणि नव्या स्वराला हात घालण्यापूर्वी मागचे स्वर एकेकदा फिरवून घ्यावेत. शार्प आणि फ्लॅट, म्हणजे शुद्ध स्वरापेक्षा अर्धस्वराने चढे आणि उतरे स्वर, या टप्प्यावर पूर्ण बाजूला ठेवावेत. सात शुद्ध स्वर आणि सहा तारा मिळून ४२ जागा होतात, आणि त्या पक्क्या झाल्या की उरलेल्या ३० जागा त्यांच्या शेजारी असल्यामुळे फार कष्ट न पडता मिळतात. रोज दहा मिनिटे दिली तर ४२ जागा स्थिर व्हायला मला सुमारे सहा आठवडे लागले. दहा मिनिटांचा तास करून हा काळ कमी होत नाही, असे मी स्वतः करून पाहिले आहे. थकलेले मन लगेच मोजणीकडे वळते.

फ्रेटबोर्डवर अक्षरांचे स्टिकर चिकटवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. कृपया तो मानू नका. डोळे स्टिकर वाचत राहतात आणि जागा ओळखण्याचे काम कधी सुरूच होत नाही.

पांढरी एक

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी हार्मोनियमवरून गिटारकडे वळलो, त्यामुळे मला जी गोष्ट सर्वाधिक खटकली आणि पुढे सर्वाधिक उपयोगी पडली, ती इथे मांडतो.

पेटीवर डोळ्यांना काळी-पांढरी रचना दिसते. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, तशीच ती पांढरी सात आणि पुढच्या सप्तकातली पांढरी एक यांच्यामध्येही नाही, हे सांगावे लागत नाही. गिटारवर सगळे फ्रेट सारखेच दिसतात, आणि ई-एफ व बी-सी या दोन जोड्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत ही माहिती कुठेच दिसत नाही. बाकी प्रत्येक शुद्ध स्वराच्या आणि त्याच्या पुढच्या शुद्ध स्वराच्या मध्ये एक फ्रेट मोकळा असतो. म्हणून मी प्रत्येक तारेवर आधी या दोन जोड्याच शोधल्या, कारण त्या सापडल्या की उरलेले स्वर आपोआप आपापल्या घरात जाऊन बसतात.

शोधता शोधता एक सुंदर गोष्ट लक्षात आली. सहाव्या तारेवर बी-सीची जोडी ७व्या-८व्या फ्रेटवर आहे, आणि पाचव्या तारेवर त्याच ७व्या-८व्या फ्रेटवर ई-एफची जोडी आहे. पाचव्या तारेवर बी-सी २ऱ्या-३ऱ्या फ्रेटवर, आणि चौथ्या तारेवर नेमकी तिथेच ई-एफ. चौथ्या तारेवर बी-सी ९व्या-१०व्या फ्रेटवर, आणि तिसऱ्या तारेवर पुन्हा तिथेच ई-एफ. म्हणजे एका तारेवर जिथे बी-सी सापडेल, तिथेच शेजारच्या बारीक तारेवर ई-एफ उभी असते. हा नियम फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेच्या मध्ये एका फ्रेटने सरकतो: तिसऱ्या तारेवर बी-सी ४थ्या-५व्या फ्रेटवर आहे, तर दुसऱ्या तारेवर ई-एफ ५व्या-६व्यावर. दुसऱ्या तारेकडून पहिल्या तारेकडे जाताना नियम पुन्हा जागेवर येतो, कारण दुसऱ्या तारेवर मोकळी तार आणि १ला फ्रेट ही बी-सी आहे, तर पहिल्या तारेवर तीच जागा ई-एफची आहे.

तुम्हाला अंधार वाटणाऱ्या तीन तारांवर मिळून अशा सहाच जोड्या आहेत. एक संध्याकाळ फक्त त्या जोड्यांवर घालवा. पहिले बोट बीवर, दुसरे सीवर, मग पुढच्या तारेवर तीच दोन बोटे ई आणि एफवर, असे हळूहळू वाजवत खाली आणि वर जा. अर्धस्वराचे ते जवळचे अंतर कानात बसले, की पुढे चुकीच्या फ्रेटवर पडलेले बोट कानच ओळखून देतो.

आपल्याकडे अनेकजण सरगमच्या भाषेत विचार करतात, आणि ती सवय सोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही. फक्त दोन्ही भाषांची कामे वेगळी आहेत हे मनाशी स्पष्ट असावे. सा कुठेही धरता येतो, म्हणून सरगम स्वरांचे एकमेकांशी असलेले नाते सांगते. सी, डी, ई ही नावे पक्की असतात, म्हणून ती जागा सांगतात. मी पहिले काही महिने या दोन्हींची सरमिसळ करत होतो आणि दर वेळी पट्टी बदलली की माझे पाठांतर कोसळत होते. जागा अक्षरांनी लक्षात ठेवा आणि धून सरगमने. दोन्ही एकमेकींना मदत करतील.

चौकट

वरील दोन्ही उत्तरांत तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेच्या मधला बदल ओझरता आला आहे. तो नीट समजला नाही तर मधल्या तारा कायम परक्या वाटत राहतात, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

शेजारच्या दोन मोकळ्या तारांमध्ये पाच अर्धस्वरांचे अंतर असते, म्हणजे सरगमच्या भाषेत सा ते शुद्ध म. ट्यूनर नसताना आपण ५व्या फ्रेटवर बोट ठेवून पुढची तार जुळवतो त्याचे कारण हेच. फक्त जी आणि बी या तारांमध्ये हे अंतर चार अर्धस्वरांचे, म्हणजे सा ते शुद्ध ग इतके आहे, आणि म्हणूनच तिथे ४था फ्रेट वापरावा लागतो. पाच, पाच, पाच, चार आणि पाच यांची बेरीज २४, म्हणजे बरोबर दोन सप्तके होते, आणि त्यामुळे सहावी आणि पहिली या दोन्ही तारांचे नाव ई हेच राहते. सगळी अंतरे पाचाची ठेवली असती तर तारा ई, ए, डी, जी, सी, एफ अशा झाल्या असत्या. मग एक बोट आडवे टाकल्यावर सहाव्या तारेवर मूळ स्वर आणि पहिल्या तारेवर त्याच्याहून एका अर्धस्वराने वरचा स्वर वाजला असता, आणि आज आपण ज्या सहजतेने बार कॉर्ड सरकवतो ती सहजता उरली नसती. म्हणजे दुसऱ्या तारेने मोडलेल्या नियमाच्या बदल्यात आपल्याला या कॉर्ड मिळाल्या आहेत.

यातून सप्तकाचे आकार निघतात. सहाव्या किंवा पाचव्या तारेवरचा स्वर घेतला, की दोन तारा सोडून नव्हे तर दोन तारा पुढे आणि दोन फ्रेट वर तोच स्वर एका सप्तकाने उंच मिळतो. चौथ्या किंवा तिसऱ्या तारेवरून निघाल्यास वाटेत तो अपवाद लागतो, म्हणून दोनऐवजी तीन फ्रेट वर जावे लागते. सहाव्या तारेवर ३ऱ्या फ्रेटवरचा जी चौथ्या तारेवर ५व्या फ्रेटवर भेटतो, आणि तिथून दुसऱ्या तारेवर ८व्या फ्रेटवर. सहावी आणि पाचवी तार तुम्हाला येतेच. या दोन उड्यांनी चौथी, तिसरी आणि दुसरी या तिन्ही तारा तुमच्या ओळखीच्या जागांना जोडल्या जातात.

इथे माझा पहिल्या उत्तराशी थोडा मतभेद आहे. स्वरशोध यांनी थेट जागा ओळखण्यावर भर दिला आहे, आणि अंतिम ध्येय तेच असावे हे मला मान्य आहे. परंतु सुरुवातीला पूर्ण रिकाम्या प्रदेशात शोधण्यापेक्षा हा आकार आधाराला घेतला तर धीर खचत नाही. इमारत बांधताना परांची लागते; काम झाले की ती काढतात. फक्त ती काढायची आहे हे विसरू नये. अनेकजण वर्षानुवर्षे सहाव्या तारेवरून उडी मारूनच चौथ्या तारेवर पोहोचतात, आणि त्यांची मोजणी संपत नाही, केवळ आडवीऐवजी तिरकी होते.

ठिपक्यांबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. बहुतेक स्टील तारांच्या आणि इलेक्ट्रिक गिटारवर ३, ५, ७, ९ आणि १२ या फ्रेटवर ठिपके असतात. चौथ्या तारेवर त्यांपैकी पहिले चार ओळीने एफ, जी, ए आणि बी आहेत, म्हणजे चारही शुद्ध स्वर, आणि १२वा पुन्हा डी. दुसऱ्या कोणत्याही तारेवर असे घडत नाही: सहाव्या तारेवर ९वा फ्रेट सी शार्प निघतो, पाचव्यावर तोच एफ शार्प, आणि तिसऱ्या तारेवर ३रा फ्रेट ए शार्प. म्हणून ज्या चौथ्या तारेची तुम्हाला सर्वाधिक भीती वाटते, ती खरे तर शिकायला सर्वांत सोपी आहे. बहुतेक क्लासिकल गिटारवर समोर ठिपके नसतात, त्यामुळे त्या वाद्यावर शिकणाऱ्यांनी ५वा, ७वा आणि १२वा फ्रेट नजरेने ओळखण्याचा सराव आधी करावा.

मंद्र

नावे खरोखर लागतात का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

आकारांवर चांगले वाजवता येते, यात शंका नाही. आकार सांगत नाहीत ती गोष्ट अशी, की या क्षणी वाजणाऱ्या कॉर्डमध्ये माझ्या बोटाखालचा स्वर आहे की नाही. ए मायनर, एफ, सी, जी हा नेहमीचा क्रम घ्या. ए मायनरमध्ये ए, सी, ई हे स्वर आहेत, एफमध्ये एफ, ए, सी, सी कॉर्डमध्ये सी, ई, जी, आणि जी कॉर्डमध्ये जी, बी, डी. आता फक्त चौथी आणि तिसरी तार वापरा. ए मायनरवर चौथ्या तारेचा ७वा फ्रेट आणि तिसऱ्या तारेचा ५वा, म्हणजे ए आणि सी, अनामिकेने आणि तर्जनीने धरा. एफ कॉर्ड आली तरी हात हलवू नका, कारण दोन्ही स्वर तिच्यात आहेत. सी कॉर्डवर अनामिका उचलून चौथ्या तारेच्या ५व्या फ्रेटवरच्या जीवर या. तर्जनी आडवी टाकली तर दोन्ही तारा तिच्याखाली येतात. जी कॉर्डवर तिसऱ्या तारेवरचा सी एक फ्रेट मागे, ४थ्यावरच्या बीवर सरकवा आणि चौथ्या तारेवरचा जी मधल्या बोटाने धरून ठेवा. चार कॉर्ड झाल्या आणि हात जवळजवळ जागचा हलला नाही, तरी प्रत्येक कॉर्डचा बदल स्पष्ट ऐकू येतो. ज्याला इथे केवळ आकार दिसतात त्याला हे चारही ठिकाणी वेगवेगळे पाठ करावे लागेल. ज्याला स्वर दिसतात तो कोणत्याही कॉर्डक्रमावर असे मार्ग स्वतः शोधतो.

आणखी एक व्यावहारिक कारण तुमच्या प्रसंगातच आहे. कीबोर्ड, व्हायोलिन किंवा बासरी वाजवणाऱ्याला "दुसऱ्या तारेचा आठवा फ्रेट" म्हणून काहीच कळत नाही. सर्वांची समान भाषा नावांचीच आहे. पुढे नोटेशन वाचणार असाल तर गिटारचे नोटेशन प्रत्यक्ष नादापेक्षा एक सप्तक वर लिहिलेले असते हे ध्यानात ठेवा. पाच रेषांच्या खालच्या छोट्या जादा रेषेवर दिसणारा सी गिटारवर पाचव्या तारेच्या ३ऱ्या फ्रेटवर वाजवतात.

मधली तार

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

तक्ता पहिल्याच दिवशी काढला. सी आणि एफ हे स्वर चार दिवसांत बसले, पण बीने फार छळले, विशेषतः दुसऱ्या तारेवर, कारण तिथे तो मोकळ्या तारेवर आहे आणि मी तो उगाच मधल्या फ्रेटवर शोधत राहत होते. पांढरी एक यांची जोड्यांची युक्ती मला सर्वांत जास्त लागू पडली. चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर ९व्या-१०व्या फ्रेटजवळचा भाग आता खरोखर ओळखीचा वाटतो. मंद्र यांनी दिलेला चार कॉर्डचा मार्ग मी रोज सरावाच्या शेवटी वाजवते, आणि त्यामुळे तिसऱ्या तारेवरचा ५वा फ्रेट म्हणजे सी हे आता आठवावे लागत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. १२व्या फ्रेटच्या पुढे अजूनही गोंधळ होतो, आणि शार्प-फ्लॅट स्वर केव्हा व कसे जोडावेत हे कळत नाही.

स्वरशोध

तुमची प्रगती वाचून फार आनंद झाला. बीच्या बाबतीत झालेला गोंधळ स्वाभाविक आहे. मोकळी तार हीदेखील एक जागा आहे हे हाताला पटायला वेळ लागतो.

१२व्या फ्रेटच्या पुढे नवीन काहीही नाही. १२वा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे मोकळ्या तारेचाच स्वर एका सप्तकाने उंच होऊन येतो आणि सगळी रचना पहिल्यापासून पुन्हा सुरू होते. १५वा फ्रेट म्हणजे ३रा, १७वा म्हणजे ५वा, १९वा म्हणजे ७वा. ठिपकेही त्याच हिशेबाने पुन्हा येतात. डोळ्यांचा गोंधळ होतो तो घरे अरुंद झाल्यामुळे. प्रत्येक पुढचा फ्रेट उरलेल्या तारेच्या सुमारे १७.८व्या भागाइतक्या अंतरावर बसवतात. त्यामुळे ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिले घर साधारण ३६.५ मिलिमीटर रुंद असते, पहिली १२ घरे ३२५ मिलिमीटरमध्ये मावतात आणि पुढची १२ घरे त्याच्या निम्म्या जागेत बसवावी लागतात. म्हणून तिथे १२व्या फ्रेटला नट समजावे आणि नजर त्याच्यापासून लावावी, खऱ्या नटपासून नव्हे.

शार्प आणि फ्लॅट यांचा वेगळा तक्ता करू नका. ज्या शुद्ध स्वराची जागा पक्की आहे त्याच्या एक फ्रेट पुढे शार्प आणि एक फ्रेट मागे फ्लॅट, इतकेच पुरते. खरी अडचण नाव निवडण्याची असते. नटपासून वर मोजत शिकलेले आपण सगळेच प्रत्येक मधल्या फ्रेटला शार्प म्हणतो, आणि त्यामुळे अर्ध्या वेळा चुकीच्या नावाने स्वर शोधत राहतो. एफ मेजर स्केलमध्ये ए आधीच असतो, म्हणून त्याच्या पुढचा स्वर ए शार्प नव्हे तर बी फ्लॅट म्हणायचा. प्रत्येक अक्षर एकदाच यावे हा साधा नियम आहे.

तुमचाच प्रसंग घ्या. सी मायनर कॉर्ड सी, ई फ्लॅट आणि जी या स्वरांची आहे. तिच्यात डी नावाचा कोणताही स्वर नाही. ८व्या फ्रेटवर बार धरून आधी सी मेजर वाजवा. त्यात मधले बोट तिसऱ्या तारेच्या ९व्या फ्रेटवर, म्हणजे ईवर असते. आता फक्त ते बोट उचला. तीच तार ८व्या फ्रेटवर येते, ईचा ई फ्लॅट होतो आणि मेजर कॉर्ड मायनर होते. बी मेजर कॉर्डमध्ये मात्र हाच फ्रेट डी शार्प म्हणून येईल, कारण तिचे स्वर बी, डी शार्प आणि एफ शार्प आहेत.

मधली तार

आत्ताच वाजवून पाहिले. तिसऱ्या तारेवर ई-एफची जोडी ९व्या-१०व्या फ्रेटवर आहे हे मला गेले तीन आठवडे पक्के माहीत आहे, आणि तो स्वर त्या जोडीला अगदी लागून, एकच घर मागे होता. मोकळ्या तारेपासून आठ घरे मोजत येण्याची काहीच गरज नव्हती. माझा मित्र त्या दिवशी का थबकला हेही आता समजले. त्याच्या कीबोर्डवर सी मायनरमध्ये ई फ्लॅट होता आणि मी त्याला डी शार्प सांगत होते. उद्या आम्ही पुन्हा बसणार आहोत, तेव्हा सी मेजर आणि सी मायनर एकापाठोपाठ वाजवून तो एक स्वर त्याला नावासकट सांगणार आहे. बी फ्लॅटच्या सहा जागा आजपासून सुरू करते.